विनामोबदला शिकवणे आणि जॉर्जियातील करसवलत

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

दवाखान्याचे काम सांभाळून मी नर्स प्रॅक्टिशनरच्या (रुग्ण तपासून औषधे लिहून देणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिकेच्या) अभ्यासक्रमातील विद्यार्थिनींना विनामोबदला शिकवते, त्याबद्दल सरकार काय देते, असे बाबांनी फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर सविस्तर लिहिते.

या मुलींना पदवीसाठी शेकडो तास अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली प्रत्यक्ष रुग्ण तपासावे लागतात. परंतु शिकवणारे सहजी मिळत नाहीत, आणि काही जणींना तर मध्यस्थांना पैसे मोजून जागा मिळवावी लागते. नकार देणाऱ्यांना मी दोष देत नाही. मधुमेही रुग्णाचे मोजे उतरवून बोटांच्या बेचक्या पाहायच्या, तळव्याला बारीक तंतू टेकवून स्पर्श कळतो का ते विचारायचे, हे मी पटकन उरकते. तेच मुलीच्या हातून नीट करून घेताना दुप्पट वेळ जातो आणि बाहेर रुग्ण ताटकळतात.

हे ओळखून अमेरिकेतील आमच्या जॉर्जिया राज्याने 2014 मध्ये विनामोबदला शिकवणाऱ्या डॉक्टरांना करपात्र उत्पन्नातून वजावट दिली. बाबा, आपल्याकडील 1961 च्या आयकर कायद्यातील 80सी (उत्पन्नातून वजावट) आणि 87ए (थेट करातून सूट) या कलमांतला फरक आपण जाणताच. हजार डॉलरची वजावट मिळाली, तरी तेव्हाच्या सहा टक्के दराने कर वाचे तो साठच डॉलर. 2019 च्या कायद्याने मात्र थेट करातूनच सूट दिली आणि नर्स प्रॅक्टिशनर व फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारे प्रशिक्षित सहायक) यांनाही त्यात घेतले. आता 160 तासांचे एक सत्र धरून पहिल्या तीन सत्रांना मला प्रत्येकी 375 डॉलर आणि चौथ्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येकी 750 डॉलर सूट मिळू शकते; डॉक्टरांना हेच आकडे 500 आणि 1,000 आहेत. मुलगी तीच, तास तितकेच, आणि तरीही हा फरक. तो मला मनापासून खटकतो.

शिकवण्याबद्दल अन्य कोणाकडून मानधन घेतले, तर ही सूट मिळत नाही, आणि विद्यार्थिनी जॉर्जियातील शिक्षणसंस्थेचीच असावी लागते. राज्याच्या पैशातून राज्यातलेच शिक्षण वाढावे, हा हेतू मला मान्य आहे. परंतु येथेच राहून परराज्यातील विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करणारी मुलगी पुढे येथील खेड्यातच काम करणार असेल, तर तिला शिकवल्याचे तास धरले जाऊ नयेत, हे मला पटत नाही. मेरीलँड आणि हवाई या राज्यांतही अशा सवलती आहेत. हवाईत 80 तासांना 1,000 डॉलर मिळतात, म्हणजे आमच्या निम्म्या तासांत कितीतरी अधिक.

बाबा, पहिल्या तीन सत्रांत तासाला दोन-तीन डॉलरच पडतात, असा हिशेब आपण मांडाल आणि तो बरोबरच असेल. माझे शिकवणे या रकमेवर अवलंबून नाही. परंतु माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या सहकारी बाईंनी एवढ्या आधारावर पुढच्या सत्रात एक विद्यार्थिनी घेण्याचे कबूल केले आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

आपली,
सौ. मेघना