मराठी छपाईची सॉफ्टवेअर लायब्ररी सांभाळणाऱ्या ताईंना, देवगडहून

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानून झाले, पण तेवढ्यानं समाधान होईना. चार लोकांसमोर सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र.

आमच्या हापूसच्या पेट्यांची लेबलं आणि वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या चिठ्ठ्यांचा, हिशेब एका जुन्या प्रोग्रॅमवर चालायचा. तो पायथन या संगणकाच्या भाषेच्या २.७ आवृत्तीतला, आणि त्यातली मराठी छपाई सगळी तुमच्या मुक्त लायब्ररीच्या, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडच्या, जिवावर. पायथन ३ आलं २००८ साली, २.७ ची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. आम्हाला त्याची झळ लागली ती नवा संगणक घेतल्यावर.

आधी एका कंपनीला पैसे मोजले. त्यांनी रूपांतराचं तयार साधन फिरवलं आणि काम झालं म्हणून सांगितलं. जुन्यात पूर्णांकाचा भागाकार पूर्णांकच यायचा, नव्यात अपूर्णांक येतो. तिकडे कुणी पाहिलंच नाही आणि पट्टीवर साडेचार पेट्या छापून आल्या. नावांची दशा त्याहून वाईट. जुन्या पायथनची साधी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, नुसत्या बाइटची (साठवणीच्या एककांची) माळ; नव्याची युनिकोडमधली, म्हणजे लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली. जिथे अडलं तिथे यांनी 'चूक सोडून पुढे जा' एवढंच लिहून ठेवलं, त्यामुळे न जुळणारी अक्षरं गुपचूप गळत राहिली. तक्रार केली तर म्हणाले, "नावं इंग्रजीत टाका." ज्या गावाच्या नावावर आंबा विकतो, ते नाव पेटीवर मराठीत नको? फार लागलं ते.

तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "तुमच्या पट्टीवर खरी नावं कुठली असतात? तीच पाठवा." मी पाठवली: गिर्ये, विजयदुर्ग, तांबळडेग, कुणकेश्वर. मग तुम्ही समजावलंत की कुणकेश्वर वाचताना अक्षरं ५, युनिकोडच्या हिशेबात चिन्हं ९ आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट २७. नुसतं पायथन ३ वर नेऊन भागत नाही. रकान्यात बसवताना भलत्या जागी कापलं तर 'श्व' मधोमध तुटतो. बाकीची दुरुस्ती तुम्ही कशी केलीत ते मला पुरतं कळलेलं नाही. पण आमची ती नावं तुम्ही लायब्ररीच्या चाचण्यांत कायमची घातलीत, हे कळलं तेव्हा भरून आलं. उद्या कुणीही, कुठेही बसून बदल करो, गिर्येचा रफार हलला की चाचणी नापास होणार आणि तो बदल अडणार.

पैशाचं तुम्ही बोलूच दिलं नाहीत. नोकरी सांभाळून, रात्री जागून परक्याचं काम आपलं मानणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचे संगणक चालतात. मोठं दुकान थाटलेल्यांपेक्षा तुमचा एक प्रश्न मोलाचा ठरला.

आता मालवणकडचे बागायतदारही प्रोग्रॅम मागतायत. त्यांच्या पत्त्यांत 'आचऱ्याची बाग' असं असतं, तो 'ऱ्या' नीट उमटतो का बघायचंय. यादी उद्या पाठवतो.

आपला,
देवगड तालुक्यातला एक बागायतदार