दादाच्या पुढच्या व्यवस्थेविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

दादाचा विषय निघाला की बाबा म्हणतात, "आमच्या मागे तू आहेसच." मी आहेच, त्याविषयी तुम्ही निश्चिंत असावे. परंतु बौद्धिक दिव्यांग असलेल्या दादाचे पुढचे सारे आयुष्य एकट्या माझ्या भरवशावर राहू नये, असे मला मनापासून वाटते. माझे वय त्याच्याहून फार कमी नाही, आणि माझे घर नागपुरात तिसऱ्या मजल्यावर आहे. वावर, गोठा आणि मारुतीचा पार हेच ज्याचे जग, त्याला आई-बाप गेल्याच्या दुःखातच अनोळखी खोलीत आणून बसवायचे, हे मला पटत नाही. नातेवाईक सुचवतात त्या दूरच्या वसतिगृहाविषयीही माझे हेच मत आहे. त्याची व्यवस्था गावातच व्हावी, तुमच्या डोळ्यांदेखत व्हावी आणि त्याला विचारून व्हावी.

मूल 18 वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आई-वडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे त्या समितीत असतात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत दादाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. त्याने हेळसांड केली तर त्याला दूरही करता येते. सातबाऱ्यावरून बाबांना जी काळजी लागून राहिली आहे, तिचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे. पालक नेमण्याचा अर्ज तुम्हीच करावा. याच न्यासाच्या 'निरामय' विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्च मिळतो, तोही अर्ज सोबत भरू.

कागदांहून मला जास्त महत्त्वाचे वाटते ते दादाचे रोजचे जगणे. कापूस वेचणीच्या दिवसांत तो दुसऱ्यांच्या वावरात दिवसभर राबतो, गाठोडी गाडीपर्यंत वाहतो आणि संध्याकाळी चहा पिऊन घरी येतो. त्याच वावरातल्या बायांना मात्र किलोमागे मजुरी मिळते. देणाऱ्यांच्या मनात वाईट नसेलही, पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या श्रमाचे मोल चहावर भागवू नये. बाबा, हे तुम्हीच स्पष्ट सांगावे. तुमचा शब्द गावात कोणी मोडत नाही. ते पैसे त्याच्या हातात पडावेत, त्यातून दुकानात काय घ्यायचे ते त्याने ठरवावे, आणि उरलेले त्याच्या नावच्या खात्यात जावेत. आई, त्याची आंघोळ आता त्याची त्याला करू द्यावी, दार लोटलेले असावे. वेळ लागेल, पाणी सांडेल, पण ते त्याला जमते.

आपल्याच अमरावती जिल्ह्यात, टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी आपले नाव दिले, आणि 18 वर्षे झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, असा आग्रह शासनाकडे वर्षानुवर्षे धरला. दादासारख्यांना घर आहे, पण दिवसाचे ठिकाण नाही. केरळात 'कुटुंबश्री' या महिला बचतगटांच्या सरकारी उपक्रमाच्या साहाय्याने स्थानिक पंचायती 'बड्स' केंद्रे चालवतात. तिथे प्रौढांनाही दिवसभर काम, शिकणे आणि सोबत मिळते. आपल्याकडे ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आपल्या आणि शेजारच्या गावांतल्या अशा कुटुंबांनी मिळून ग्रामसभेत एक खोली आणि एका सोबतिणीचे मानधन मागितले, तर ती मागणी अवाजवी ठरणार नाही. दुपारचे चार तास जरी तो तिथे राहिला, तरी आईच्या गुडघ्यांनाही विसावा मिळेल.

एक वही मात्र आतापासूनच लिहायला घ्यावी. फिटची गोळी किती वाजता आणि कशासोबत द्यायची, वीज कडाडली की तो कुठे जाऊन बसतो, भाकर दुधात कुस्करलेली का हवी, कोणाच्या आवाजाने तो शांत होतो, हे सगळे आज फक्त आईला ठाऊक आहे. आईने सांगावे, बाबांनी लिहावे. तुम्हाला काही झाले तर गावातच काकूच्या घरी त्याची पहिली रात्र त्या वहीवर निभावेल. खरे तर ती रात्र तुम्ही असतानाच यावी: आधी एक मुक्काम, मग दोन, आणि सकाळी त्याने परत घरी यावे.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि ठराविक व्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये यासाठी शासनाने प्रयत्न करावा. म्हणून काकूशी बोलण्याआधी दादाला विचारावे. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्यावा. तो नाही म्हणाला तर दुसरे घर पाहू. वेचणी आटोपली की मी येते; त्याचे दिव्यांग प्रमाणपत्र आणि आधारकार्ड तेवढे काढून ठेवावे.

तुमची लेक