शालूला पत्र

ठाणे (पूर्व), रविवार

प्रिय शालू,
प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. मंडळीने तुला पुलपिटवर उभं राहून उपदेश करायला सांगितलं, आणि तू लिहितेस, "पन्नाशीला आलेली, बारावी शिकलेली बाई मी, माझं कोण ऐकणार?" वाचून मला रडूच आलं.

आमच्या कोपरीतल्या मावशी तुला आठवतात ना? चाळीस वर्षं त्यांनी वेदीवरची पांढरी वस्त्रं घरी नेऊन धुतली, नीळ घातली, इस्त्री केली. अंथरायला मात्र कायम पुरुषच. गेल्या महिन्यात पाहुण्या पाळकबाई आल्या होत्या. मावशींचे हात आता फार थरथरतात, म्हणून बाई प्रभुभोजनाचा प्याला घेऊन वेदीवरून खाली त्यांच्या बाकापाशी आल्या. एक हात मानेमागे धरून, लेकराला पाजावं तसं त्यांनी मावशींना पाजलं आणि हनुवटीवर ओघळलेला थेंब रुमालाने टिपला. घरी सोडायला गेले तर मावशी जिन्यातच थांबल्या. म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बाईच्या हातून घेतलं गं."

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. आजाऱ्यांना भेटायला आपण, संडे स्कूलला आपण, मयताच्या घरी डबा घेऊन आपण. निर्णयाच्या बैठकीत मात्र एका वडीलजनांनी मला सांगितलं होतं, "तुम्ही चहाचं बघा." आणि मी उठून चहा ठेवला. शालू, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

पुनरुत्थानाची बातमी प्रभूने आधी मग्दालीया मरीयेच्या तोंडी दिली आणि तिला शिष्यांकडे धाडलं. तरी चर्च ऑफ साउथ इंडियासारखी १९४७ साली एक झालेली मंडळी घे. तिथे पहिली स्त्री बिशप, ई. पुष्पा ललिता, २०१३ साली झाली. सहासष्ट वर्षं लागली!

आणि आपल्या पंडिता रमाबाई! तू तर नगरची, दौंडजवळच्या केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनला कितीदा गेली असशील. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच नवरा गेला, कडेवर तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली. हे सगळं आपण लहानपणापासून ऐकतो. मला भिडतो तो त्यांचा शेवटचा काळ. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबल मराठीत आणत होत्या, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत. मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही बायकाच. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक. आईने तरी लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालेलं होतं. ते बायबल छापून आलं १९२४ साली.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, काय असतं ते मला या दोघींकडून कळलं, रमाबाईंकडून आणि मावशींकडून. दोघींनी हातातलं काम पुरं केलं. तुझ्या हातात आता उपदेश आलाय. बारावीचं काय घेऊन बसलीस? नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा सहा वर्षं तू पहाटे चारला उठून देवशब्द वाचलास. त्यातलंच सांग. साधं सांग, घरात बोलतेस तसं. पाय थरथरले तर पुलपिटचा कठडा धर.

मी येतेय. शनिवारी सकाळी खोपटवरून एस.टी. धरते, माळशेजमार्गे संध्याकाळपर्यंत पोचेन. जेवायला पिठलं-भाकरीच कर, जास्त घाट घालू नकोस. मावशींनी तुझ्यासाठी एक पांढरं वस्त्र दिलंय, नातीकडून इस्त्री करून घेऊन. पुलपिटवर तुझ्या बायबलखाली अंथरायला. "तिलाच अंथरू दे," म्हणाल्यात.

तुझीच,
सुमी