वणवा विझवण्याआधी पाचोळा झाडायला पैसे द्या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात उन्हाळ्यात आगी लागतात त्या पुष्कळदा दोन कामांपायी: मोहफुलं आणि तेंदूपत्ता. दोन्ही कामं आगीशिवाय होतात. त्यासाठी मजुरी वेळेवर हातात पडायला हवी.

मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतं. पाचोळ्यात ते दिसत नाही, म्हणून झाडाखाली काडी लावली जाते आणि दुपारी वारा सुटला की आग हाताबाहेर जाते. मोह, चारोळी, आवळ्याची वर्षा-दोन वर्षांची रोपं त्यात जळतात. मोठी झाडं उभीच असतात, त्यामुळे हे नुकसान नजरेत येत नाही; पण उद्याचा मोह तिथेच संपलेला असतो. फुलं गळू लागण्याआधी फांद्यांच्या घेराएवढी जागा झाडून घ्यावी आणि जाळी किंवा जुनी लुगडी अंथरावीत. फूल स्वच्छ मिळतं, माती निवडत बसावं लागत नाही. झाडलेला पाचोळा शेणाचे थर देऊन खड्ड्यात कुजवला की पावसाळ्याआधी धानाच्या बांधीत टाकता येतो. मात्र मोहाखालचाच पाचोळा उचलावा. बाकी जंगलातला जागेवर राहू द्यावा. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं ते त्याच्यामुळेच.

तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही जंगल पेटवलं जातं. त्याला पर्याय खुटकटाईचा. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत झुडपं धारदार हत्याराने जमिनीलगत छाटली की मुळांतून फुटवे येतात आणि सुमारे दीड महिन्यात पान तोडणीजोगं होतं. छाटणी लांबली तर तोडणीच्या वेळी पान कच्चं राहतं आणि पुढे अवकाळी पाऊस गाठतो. फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, वाळत घातलेले पानांचे पुडे भिजले की काळे पडतात. एका पुड्यात 70 पानं आणि गोणीत हजार पुडे. म्हणजे चुकलेल्या पंधरवड्याची किंमत एका गोणीमागे 70 हजार पानांच्या मेहनतीने मोजावी लागते. पान घेणाऱ्या ठेकेदाराशी झालेल्या करारात खुटकटाईचा खर्च लिहिलेला नसला की ती राहून जाते. म्हणून आपल्या विभागाने ग्रामसभांना लिलावासाठी नमुना करारनामा द्यावा. त्यात खुटकटाईची मजुरी आगाऊ देण्याची अट असावी, आणि आग लावली तर अनामत जप्त करण्याचीही.

राहिली जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा. डिसेंबर-जानेवारीत ती साफ केली तरी सागाची पानगळ मार्चपर्यंत चालते, आणि झाडलेला पट्टा पुन्हा पानांनी भरतो. अशी रेषा आग अडवत नाही. एकाऐवजी दोन झाडण्या मंजूर कराव्यात, दुसरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क वनहक्क कायदा 2006 ने दिलेला आहे. ज्या ग्रामसभांना तो मिळाला आहे, त्यांच्या व्यवस्थापन समितीच्या खात्यात या झाडण्यांच्या मजुरीचा निधी जानेवारीतच जमा व्हावा, ही विनंती. मे महिन्यात आलेला पैसा राखेवर खर्च होतो.

आपले,
ग्रामसभांसोबत वनव्यवस्थापनाचं काम करणारे कार्यकर्ते