पेटीवरचं अर्धं आडनाव

बर्लिन, १२ नोव्हेंबर

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

आजोबांनी शिकवलेला मायना अजून येतो बघ. रोज फोन असताना कागद कशाला, असं वाटेल तुला. वाच, कळेल.

परवा इथल्या एका छोट्या थिएटरात ‘फ्रान्सिस हा’ बघितला. २०१२चा पिक्चर आहे, ८६ मिनिटांचा, कृष्णधवल. दिग्दर्शक नोआ बॉमबॅक, नायिका ग्रेटा गर्विग, लिहिलाय दोघांनी मिळून. बाबांना सांग, फोटो काढायच्या कॅनन कॅमेऱ्यावर शूट केलाय. ते लगेच छबिलदास सुरू करतील, शाळेच्या हॉलमध्ये बघितलेली नाटकं वगैरे. करू देत, जातकुळी तीच आहे.

फ्रान्सिस २७ वर्षांची, न्यूयॉर्कला असते. डान्स कंपनीत शिकाऊ आहे, पण तिथे तिला कायमचं कोणी घेत नाही. जिच्याबरोबर राहायची ती जिवलग मैत्रीण दुसरीकडे राहायला जाते, मग हिची बोचकी या घरातून त्या घरात. एकदा मित्राला ऐटीत जेवायला नेते आणि हॉटेलात कार्डच चालत नाही. एटीएम शोधत धावते, रस्त्यात आपटते, हात सोलून परत येते. थिएटरभर हशा. मला नाही हसू आलं. पुढे तर क्रेडिट कार्डावर पॅरिसला जाते, तेही दोन दिवसांसाठी, आणि त्यातला बराच वेळ झोपा काढते! तुला झीटच आली असती.

मधे नाताळला ती माहेरी जाते. ते आईबाप गर्विगचे खरे आईबाप आहेत, हे मला नंतर कळलं. पण त्या बाईचं लेकीकडे बघणं तेव्हाच ओळखीचं वाटलं होतं. चहा गाळता गाळता तू बघतेस ना, काही न विचारता, तसं.

तर आई, माझं कंत्राट ऑगस्टमध्येच संपलं. पुढे वाढवलं नाही. व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे पुस्तकं दिसतात ते ऑफिस नाही, लायब्ररी आहे. पहाटे एका बेकरीत काम करते, भाड्यापुरतं सुटतं. अर्ज चालू आहेत. फोनवर तीनदा सांगायला घेतलं, तीनदा ‘जेवलीस का’ म्हणालीस आणि राहिलं. बाबांना तूच सांग, पण रविवारी. बँक उघडी असली तर एफडी मोडायला निघतील. समोरच्या काकूंना काहीच सांगू नकोस.

आणि हो, नवीन पत्ता पाकिटावर लिहिलाय. तीन वर्षांतलं पाचवं घर. इथे पत्त्यात खोली नंबर नसतो, पेटीवर नाव असलं तरच पत्र पडतं. आपल्या पार्ल्याच्या जिन्याखाली आजोबांची पितळी पाटी अजून आहे, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी. इथे एका पेटीत आम्ही चौघं. माझ्या वाट्याला आलेल्या पट्टीत ‘सहस्रबुद्धे’ काही मावेना. पिक्चरच्या शेवटी फ्रान्सिसचंही तेच होतं: ‘हॅलाडे’ मावत नाही, कागद दुमडते, ‘हा’ उरतं. मी ‘सहस्र’वर कापलं. बुद्धे बाहेर राहिले. हस आता.

उत्तर धाडशील तेव्हा पाकिटावर ‘सहस्र’ एवढंच लिही, नाहीतर पत्र पार्ल्याला परत.

तुझी,
मनू