चिऊ, फेरिटिन तपासून घे

इन्सब्रुक, 12 मे

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

काल आईशी बोलणं झालं. पचमढीला धूपगडाच्या चढावर तू दर वळणाला बसत होतीस आणि मावशी पुढे निघून गेल्या, असं सांगत होती. "आजकालच्या पोरींत दमच नाही," हे तिचं म्हणणं मला पटलं नाही. रोज सकाळी सेमिनरी हिल्सला फिरणारी पोरगी अशी बसत नाही. मग ती सहज बोलून गेली की तू फ्रीजमधला बर्फ कडकड चावून खातेस, ट्रे पुरत नाही. नागपूरच्या मे महिन्यात बर्फ कोणाला नको? पण तू जानेवारीतही खात होतीस म्हणे. बाई, बर्फ चावावासा वाटणं हे अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असू शकतं.

इथे आल्यावर माझंही असंच व्हायचं. इन्सब्रुक 574 मीटरवर, जवळच्या पात्शरकोफेल डोंगराचा माथा 2,246 वर. अर्ध्या वाटेत मांड्या भरून यायच्या, छाती धडधडायची, बाकीचे गप्पा मारत वर. हिमोग्लोबिन 12.3, म्हणजे कागदावर ठीक. डॉक्टरीणबाईंनी फेरिटिन करायला लावलं, ते 9 निघालं, म्हणजे खूपच कमी. फेरिटिनवरून लोहाचा साठा कळतो. शरीर आधी साठा उपसतं, हिमोग्लोबिन नंतर खाली येतं. शिवाय लोह फक्त रक्तातच लागत नाही. स्नायू प्राणवायू वापरून ताकद तयार करतात, त्यालाही ते हवंच. म्हणून घरात-ऑफिसात भागून जातं आणि चढ लागला की दम निघतो. तुझी पाळी किती जड जाते ते मला माहीत आहे. साठा बहुतेक तिथूनच जातोय.

तेव्हा हिमोग्लोबिनवर थांबू नको, फेरिटिन करून घे. सर्दी-तापात करू नको, तेव्हा आकडा उगाच वर दिसतो. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याची तपासणी झाली नसेल तर तीही करून घे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं दर वेळी नसतं. म्हणून मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नको, डॉक्टरांना रिपोर्ट दाखव.

गोळ्या दिल्याच तर पोटाला कधी त्रास होतो, शौचाला काळं होतं, घाबरू नको. मला एक दिवसाआड घ्यायला सांगितली होती. रोज घेतली की शरीर त्यातलं कमी उचलतं. तुलाही तसं चालेल का, ते विचारून घे. चहासोबत मात्र अजिबात नाही. जेवल्यावर लगेच कपभर चहा ढोसायची आपल्या घरची सवय तेवढी मोड, तास-दोन तास जाऊ दे. आंबाडीची, हरभऱ्याची भाजी खा, वर लिंबू पिळ. भाजीतलं लोह त्याने जास्त लागतं. बाबा सावजीकडे नेतील तेव्हा कलेजी सोडू नको, त्यातलं लोह अंगाला लवकर लागतं.

दोन-तीन आठवड्यांत थोडा फरक वाटेल, साठा भरायला मात्र महिने लागतात. नागपंचमीला पचमढीच्या नागद्वार यात्रेला जायचं म्हणतेस. ती वाट धूपगडापेक्षा कितीतरी लांब, त्यात पावसाने निसरडी, लोखंडी शिड्या. चक्कर आली तर तिथे धरायला कोण? म्हणून याच आठवड्यात रक्त दे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. आईला हे पत्र वाचून दाखव, म्हणजे ती तुला नाजूक म्हणणार नाही.

तुझी,
ताई