शब्दकार्डांबाबत सूचना : तिसरी-चौथीचे वर्ग

सर्व शिक्षक सभासदांना नमस्कार.

व्याकरणातल्या संज्ञांची कार्डं करताना व्याख्या पाठ करून घेऊ नका. आधी शब्द, मग त्याची फोड, नाव शेवटी. दिवसाला दोनच संज्ञा पुरेत.

सर्वांत जास्त गोंधळ अक्षर आणि वर्ण यांत होतो. ‘कमळ’मध्ये अक्षरं ३, वर्ण ६ : क् + अ + म् + अ + ळ् + अ. ही फोड मुलांनी स्वतः फळ्यावर लिहायला हवी, नुसती बघून ती डोक्यात बसत नाही.

अनुस्वारासाठी आपली ‘पंचगंगा’ घ्या. टिंब दोन, उच्चार वेगळे : च पुढे असल्याने पहिल्याचा ञ्, ग पुढे असल्याने दुसऱ्याचा ङ्. मुलांना तीनदा सावकाश म्हणायला लावा, जीभ कुठं लागते ते त्यांनाच कळतं.

रफार (अक्षराच्या डोक्यावर काढलेला र्) य वर दिसतो म्हणून मुलं ‘सूर्य’चं ‘सूय्र’ करतात. रफार ज्या अक्षरावर, त्याच्या आधी वाचायचा. ‘गुऱ्हाळ’मधला र् मात्र रफार नव्हे, ही दोन कार्डं शेजारी ठेवा.

‘गूळ’ दीर्घ, ‘गुळाचा’ ऱ्हस्व. ‘सूर्याचा’ दीर्घच राहतो, कारण तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द.

घरी ‘पहिली-दुसरी वेलांटी’ म्हणतात, वर्गात ‘ऱ्हस्व-दीर्घ’. कार्डामागं दोन्ही नावं लिहा, नाहीतर पालकांनी घेतलेला अभ्यास मुलाला परका वाटतो.

येत्या शनिवारी प्रत्येकानं आपली १० कार्डं घेऊन यावीत.